आधी मांड, मग उडी

वाशिमकडे आता घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. झूल पांघरलेला, बँडच्या तालावर पाय टाकणारा तो रुबाबदार प्राणी पाहून घरातल्या मुलाला किंवा मुलीला आपणही घोड्यावर बसावे असे वाटले, तर त्यात नवल ते काय? पण बसणे निराळे आणि स्पर्धेत उतरणे निराळे. त्यातून ती स्पर्धा 'इव्हेंटिंग'ची असेल तर आईबापांनी आधी थोडी माहिती करून घेतलेली बरी.

हा खेळ लष्करी घोडदळातला. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथम आला. एकाच घोड्याची आणि एकाच स्वाराची तीन अंगांनी परीक्षा घ्यायची, ही त्यातली कल्पना. पहिले ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनी मैदानात ठरलेल्या चाली शांतपणे करून दाखवणे. दुसरे क्रॉसकंट्री: माळ, चढ-उतार आणि पाणी यांतून भरधाव जाताना पक्के अडथळे ओलांडणे. तिसरे शो-जंपिंग, येथले दांडे हलके, धक्का लागला की पडणारे. जितके दंडगुण कमी तितका क्रमांक वरचा. क्रॉसकंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला की २० गुण, ठरल्या वेळेपेक्षा प्रत्येक जादा सेकंदाला ०.४, आणि शो-जंपिंगमध्ये पाडलेल्या प्रत्येक दांड्याला ४.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी यात सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी बंगळूरच्या फवाद मिर्झाने रौप्यपदक आणले. पुढे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो तेविसावा आला. ड्रेसाजमध्ये त्याला अवघे २८ दंडगुण होते. क्रॉसकंट्रीत २८ सेकंद उशीर झाला आणि त्यात ११.२ ची भर पडली. सेकंदासेकंदाचा असा हा हिशेब!

पण खरी गोम निराळीच आहे. क्रॉसकंट्रीचा मार्ग स्वाराला आदल्या दिवशी पायी फिरून पाहता येतो. घोड्याला मात्र तो दाखवत नाहीत. खंदक, ओंडका, पाणी या साऱ्यांची आणि त्या जनावराची पहिली गाठ धावतानाच पडते. पलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक नसते. पाठीवरच्या माणसावर विश्वास असेल तरच ते झेप घेते. हा विश्वास लगाम ओढून किंवा टाच मारून मिळत नाही, आणि म्हणूनच नवशिक्याचे पहिले वर्ष उडीचे नसते.

ते असते मांडीचे. चांगला शिक्षक घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवतो आणि शिकणाऱ्याला लगाम व रिकीब दोन्ही सोडून बसायला लावतो. सुरुवातीला मांड्या असल्या भरून येतात की घरचा जिना चढवत नाही! मग दुडकी चाल. तीत घोड्याचे तिरक्या जोडीचे पाय एकदम पडतात. त्या ठोक्याला उठायचे, पुढच्या ठोक्याला बसायचे. हे अंगवळणी पडले की जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालवायचे, आणि त्यानंतर कुठे गुडघाभर उंचीची पहिली उडी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या सर्वांत खालच्या पायरीवरही क्रॉसकंट्रीचे पक्के अडथळे १०५ सेंटिमीटरपर्यंत असतात. तेथवर पोचायला वर्षे लागतात आणि ती लागू द्यावीत.

पडण्याचे भय खोटे नाही. या खेळात जगभर नामांकित स्वारांचेही प्राण गेले आहेत. घोडाच अडथळ्याला अडखळून कोलांटला आणि स्वार खाली सापडला, हा त्यातला सर्वांत घातक प्रकार. यासाठी आता काही अडथळ्यांना जोराच्या धक्क्याने सुटणाऱ्या खिळी बसवतात. क्रॉसकंट्रीत स्वार पडला की त्याची स्पर्धा तेथेच संपते. "पुन्हा बसतो" म्हणण्याची सोय नाही. हनुवटीखाली बंद आवळलेली टणक टोपी, छाती-पाठीचे संरक्षक जाकीट आणि रिकिबीतून पाय आरपार जाऊ नये म्हणून टाचेचा बूट, एवढ्यात काटकसर नको.

मुलीच्या बाबतीत कोणी नाक मुरडलेच, तर त्याला सांगावे की येथे स्त्री-पुरुषांची स्पर्धा एकच असते. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये स्त्री प्रथम उतरली ती १९६४ साली. टोकियोत वैयक्तिक सुवर्ण जिंकले ते जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने.

वाशिमची अडचण दोन प्रकारची. एक जमिनीची: आपली काळी माती पावसाळ्यात खूर धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळा घोड्याच्या पायाला धोका, म्हणून वाळू टाकलेले मैदानच हवे. दुसरी शिक्षकाची. नागपूरला एन. सी. सी.चे अश्वपथक आहे, नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवतात, आणि मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासूनचा अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. सुट्टीतले चार आठवडे अशा ठिकाणी काढले, तर हौस टिकाऊ आहे की वरातीपुरती, हे घरच्यांना कळेल.

आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन घोडा आणण्याची घाई करू नये. तेथे रहवाल चालीच्या आणि नाचऱ्या घोड्यांना मोठा मान. ड्रेसाजला मात्र स्वच्छ दोन ठोक्यांची दुडकी लागते. शिवाय घोडा घेतला की रोजचा चारा, खरारा, नालबंद, मोतद्दार आणि डॉक्टर हे सारे दारी आले. नवखा स्वार आणि नवखा घोडा ही जोडी तर मुळीच जमवू नये. शिकलेल्या, वयस्क, चार मुलांना सांभाळून घेतलेल्या शाळेच्या घोड्यावरच पहिली दोन वर्षे जावीत.