देवगिरीवर राज्याभिषेक झालेला बहमनशहा

चिकलठाणा विमानतळावरून वेरूळकडे जाणाऱ्या वाटेवर लागणारा दौलताबादचा, म्हणजे जुन्या देवगिरीचा, किल्ला यादवांची राजधानी म्हणून आणि महंमद तुघलकाच्या फसलेल्या राजधानी-बदलामुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बहामनी राज्याचा जन्मही येथेच झाला आणि त्याचा संस्थापक अल्लाउद्दीन हसन हा प्राचीन इराणी राजवंशाचा वारस मानला गेला, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही.

तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा दर्जा दिल्यावर दिल्लीचे अनेक सरदार, सूफी आणि विद्वान येथे आले. पुढे सुलतान उत्तरेकडे परतला, तरी त्यांतील बरेच लोक दख्खनमध्येच स्थिरावले. मुलखाचा वसूल आणि बंदोबस्त पाहणाऱ्या लष्करी अंमलदारांना ‘अमीरान-ए-सदा’, म्हणजे शंभरांवरचे नायक, म्हणत. धार येथे अशा अनेक अमिरांची हत्या झाल्यानंतर आपलीही तीच गत होणार, या भीतीने दौलताबादच्या अमिरांनी 1346 मध्ये बंड केले आणि इस्माईल मुख या वयस्क अफगाण सरदाराला गादीवर बसवले. तुघलकाने स्वतः येऊन किल्ल्याला वेढा घातला. पण गुजरातेत तघी नावाच्या बंडखोराने उठाव केल्याने त्याला तिकडे जावे लागले. जफरखान ही पदवी धारण करणाऱ्या हसनने शाही सेनापती इमाद-उल-मुल्क याचा पराभव करून दौलताबादची सुटका केली, तेव्हा इस्माईलने आपण होऊन त्याच्यासाठी गादी सोडली आणि 3 ऑगस्ट 1347 रोजी ‘बहमनशहा’ म्हणून हसनचा राज्याभिषेक झाला.

हसन पराक्रमी होता, पण राजकुळातला नव्हता, आणि दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध उठलेल्या सरदाराला राज्याचा हक्क सांगण्यासाठी तलवारीखेरीज आणखी आधार हवा होता. तो फारसी परंपरेत सापडला. फिरदौसीच्या ‘शाहनामा’ या महाकाव्यात बहमन हा इस्फंदियार या वीराचा पुत्र आणि इराणचा राजा आहे. इसामी या कवीने दौलताबादेत रचून हसनला अर्पण केलेल्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या पद्य इतिहासात हसनचा वंश त्याच बहमनापर्यंत नेला आहे. याउलट सुमारे अडीचशे वर्षांनंतर विजापुरात लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराने हसन हा गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याचा सेवक होता, अशी कथा सांगितली. समकालीन आधार नसल्यामुळे इतिहासकार ही कथा ग्राह्य धरत नाहीत, आणि इराणी वंशावळीलाही पुरावा नाही.

हसनचे कर्तृत्व मात्र निर्विवाद आहे. त्याने राजधानी गुलबर्ग्याला हलवली आणि राज्याचे दौलताबाद, वऱ्हाड, बीदर व गुलबर्गा असे चार प्रांत केले. त्यांना ‘तरफ’ आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना ‘तरफदार’ म्हणत. 1358 मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पुत्र महंमदशहाच्या हाती एक सुस्थिर राज्य आले, जे पुढे दीडशेहून अधिक वर्षे टिकले.

वंशावळ काल्पनिक असली, तरी तिच्यामागचा इराणशी असलेला सांस्कृतिक संबंध पुढच्या पिढ्यांनी प्रत्यक्षात आणला. इराणच्या गिलान प्रांतातून आलेला महमूद गवान बहामनींचा वजीर झाला, त्याने बीदरला इराणी धाटणीचा मदरसा उभारला, आणि फारसी ही दख्खनच्या दरबारी कारभाराची भाषा बनली. तिची मुळे इतकी खोल गेली, की सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांना कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ मुद्दाम करवून घ्यावा लागला. म्हणूनच हसन बहमनशहाचे चरित्र हा महाराष्ट्राच्या स्वतःच्या राजकीय इतिहासाचा अविभाज्य भाग आहे.