जालन्याची चित्रफीत आणि संगणक-पुराव्याचा तपासनीस

संगणकातील पुराव्यावर पोलिसांच्या बाजूने दोन वेगळी माणसे काम करतात. पहिला तपास अधिकारी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील गुन्ह्यांचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. मूळ कायद्यात ही अट उपअधीक्षकाची होती. २००८च्या दुरुस्तीने ती एक पायरी खाली आणली. दुसरा तज्ज्ञ. महाराष्ट्रात तो बहुधा गृह विभागाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, म्हणजे मुंबईत कालिना येथे किंवा नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी असतो आणि त्याच्या अंगावर वर्दी नसते. एकाने जप्त करायचे, दुसऱ्याने तपासायचे. पुराव्याला खरा धोका असतो तो या दोघांमधल्या प्रवासात.

जप्तीचा पहिला नियम साधा आहे: बंद संगणक सुरू करायचा नाही. ‘बघू तरी आत काय आहे’ म्हणून कोणी बटण दाबले की यंत्रणा जागी होते, असंख्य फाइलींच्या नोंदी बदलतात आणि जप्तीनंतरची वेळ त्यांच्यावर उमटते. पुढे बचाव पक्षाच्या वकिलाला तेवढे पुरते. चालू संगणकाची गोष्ट उलटी. तो घाईने बंद केला, तर तात्पुरत्या स्मृतीतले पासवर्ड, कूटबद्ध डिस्कची किल्ली आणि उघडी संभाषणे कायमची जातात. म्हणून ती आधी उतरवून घ्यावी लागतात. मोबाइल संदेशलहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात, नाहीतर दूर बसलेला मालक तो पुसून टाकू शकतो. यंत्राच्या घड्याळातली वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे केले आहे.

प्रयोगशाळेत मूळ डिस्कवर थेट काम होत नाही. ‘राइट ब्लॉकर’ नावाचे उपकरण मध्ये जोडतात. त्यातून वाचता येते, लिहिता येत नाही. मग डिस्कची बिट-न्-बिट प्रतिमा घेतात आणि मूळ व प्रत या दोन्हींची हॅश व्हॅल्यू काढतात. एसएचए-२५६ पद्धतीत ही ६४ चिन्हांची ओळ असते. डिस्कवरचा एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार वेगळी निघते, म्हणून दोन्ही ओळी जुळणे हाच प्रत अस्सल असल्याचा दाखला. पुसलेल्या फाइली परत आणणे हे यातले सर्वांत गाजलेले काम, पण ते बरेचसे सॉफ्टवेअर करते. शिवाय नव्या एसएसडी डिस्क मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत असल्याने तिथे अनेकदा हाती काही लागत नाही. माणसाची कसोटी लागते ती अर्थ लावताना. पुष्कळ नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. रात्री ११ची अशी नोंद म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार. हे साडेपाच तास विसरणारा तपासनीस संशयिताला चुकीच्या दिवशी चुकीच्या जागी नेऊन बसवतो.

एवढे सगळे नीट करूनही पुरावा एका कागदावाचून अडू शकतो. भारतीय पुरावा अधिनियमात २००० साली घातलेल्या कलम ६५-ब प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत, ते यंत्र किंवा काम सांभाळणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र लागत असे. ते खरोखर सक्तीचे आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी वेगळी उत्तरे दिली. संसद हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली ‘नाही’, अन्वर खटल्यात २०१४ साली ‘हो’, शफी मोहम्मद खटल्यात २०१८ साली ‘न्यायासाठी सूट देता येईल’. अखेरचा निर्णय मराठवाड्यातल्या एका भांडणातून आला.

२०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. गोरंट्याल यांचा आक्षेप असा, की २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर खोतकरांचा उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात कॅमेरे होते, म्हणजे साक्षीदार हजर होता. चित्रणाच्या सीडी न्यायालयात आल्या, पण वारंवार मागूनही सरकारी अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतली तोंडी साक्ष पुरेशी मानून नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन, न्या. भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने अन्वरचा निकाल कायम केला: प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणले, तर मात्र त्याची गरज नाही. गोरंट्याल यांनी हातात होते ते सारे प्रयत्न केले होते, आणि अशक्य गोष्ट कायदा करायला लावत नाही. म्हणून त्यांना सूट मिळाली आणि खोतकरांचे अपील फेटाळले गेले. तोवर २०१९ची निवडणूकही होऊन गेली होती.

अन्वरचा खटलाही केरळमधल्या निवडणुकीचाच. खून, फसवणूक, खंडणी यांच्या तपासात रोज लागणारा नियम दोन निवडणूक याचिकांनी घडवला, हे या विषयाचे सर्वांत विलक्षण अंग आहे. जालन्याच्या निकालाने तपासनिसाला दिलेली शिकवण स्पष्ट आहे: प्रमाणपत्र हे नंतर जोडायचे कागदपत्र नाही, ते जप्तीच्या दिवशीच मिळवायचे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने ६५-ब ची जागा घेतली आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापला. त्यात यंत्राची बनावट, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक; मग हॅश व्हॅल्यू, आणि ती कोणत्या पद्धतीने काढली यासाठी खुणेच्या चौकटी: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५, अन्य. यातली एमडी-५ २००४ साली आणि एसएचए-१ २०१७ साली संशोधकांनी भेदली. दोन वेगळ्या फाइलींना एकच हॅश देता येते हे सिद्ध झाले. जाणता तपासनीस एसएचए-२५६ वरच खूण करतो. नमुन्याचा भाग ‘अ’ यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने.

हा तज्ज्ञ कोण? कलम ६३ त्याची पात्रता सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकार इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक अधिसूचित करते, पण प्रत्येक तालुक्यातले प्रत्येक प्रमाणपत्र त्यांच्याकडून येणे शक्य नाही. व्यवहारात संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान किंवा न्यायसहायक विज्ञानातली पदवी हा पाया धरला जातो. मुंबईची न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ पासून शिकवते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे एक केंद्र गोव्यातही आहे. एनकेससारख्या सॉफ्टवेअरची खासगी प्रमाणपत्रे उपयोगी असतात, पण ती त्या साधनावरचा हात बसल्याचेच सांगतात. त्यापलीकडे दोन गोष्टी लागतात: पुराव्याच्या कायद्याची जाण, आणि हॅश म्हणजे काय हे जिल्हा न्यायालयात सोप्या मराठीत सांगता येणे. दुसरी गोष्ट अभ्यासक्रमांत क्वचितच शिकवली जाते. तिची उणीव उलटतपासणीत उघडी पडते.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ जाणे नव्या संहितेच्या कलम १७६(३)ने बंधनकारक केले असून, त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षे दिली आहेत. त्या मुदतीत शासनाने भाग ‘ब’वर सही करणाऱ्याची किमान पात्रता नियमाने ठरवावी आणि प्रत्येक जिल्ह्यात असा माणूस नेमावा.