शाळेच्या संगणकाचा पासवर्ड हरवला तर काय करावे?



इंदापूर तालुक्यातून बारामती तालुक्यात बदली झाली की गुरुजी रीतसर चार्ज देऊन जातात. जडवस्तू नोंदवहीत संगणक असतो, माऊससुद्धा मोजून घेतला जातो. पासवर्ड मात्र कुठेच लिहिलेला नसतो. जूनमध्ये नवीन बाई संगणक सुरू करतात आणि तो काही उघडत नाही. आत निकालपत्रके, मुलांचे फोटो, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, सगळं अडकलेलं.

अशा वेळी थेट दुकानात नेऊन "फॉरमॅट मारा" म्हणू नका. संगणक सुरू होईल, पण आतलं सगळं जाईल.

आधी कीबोर्ड बघा. आपण मराठी टायपिंग करतो, त्यामुळे लॉगिनच्या वेळी भाषा मराठीच राहिलेली असू शकते. विंडोजची खूण असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी करा. कॅप्स लॉकही तपासा.

तरी उघडत नसेल तर (विंडोज १० किंवा ११ आहे असं धरू) एकदा चुकीचा पासवर्ड टाका आणि खाली काय येतं ते वाचा. 'आय फरगॉट माय पासवर्ड' आलं तर ते मायक्रोसॉफ्ट खातं आहे. त्याचा कोड आधीच्या गुरुजींच्या मोबाईलवर किंवा ईमेलवर जातो, म्हणून त्यांना फोन लावूनच बसा. नवीन पासवर्ड चालण्यासाठी संगणकाला इंटरनेट लागतं. मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. 'रीसेट पासवर्ड' आलं तर खातं त्या संगणकापुरतंच आहे आणि तो ३ प्रश्न विचारेल. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, लहानपणीचं टोपणनाव असले! इथेही फोन गुरुजींनाच. उत्तरं इंग्रजीत कशी लिहिली होती, स्पेलिंगसकट विचारून घ्या.

दोन्ही जमलं नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे विंडोज नव्याने टाकणे. पण त्याआधी फायली बाहेर काढा. दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करायचा, अडलेला संगणक त्यावरून सुरू करायचा, 'ट्राय उबुंटू' निवडायचं आणि कामाचे फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यायचे. विंडोजचा पासवर्ड यात लागत नाही. हे तंत्रस्नेही सहकाऱ्याला सोबत घेऊन करा. दुकानदाराकडून करून घेणार असाल तर "आधी डेटा, मग विंडोज" असं स्पष्ट सांगा. मात्र डिस्कला बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेलच. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

पालकहो, घरच्या लॅपटॉपलाही हेच लागू. खातं मुलाच्या नावाने आणि मोबाईल नंबर बंद पडलेल्या सिमचा, असं बऱ्याच घरी असतं. तो नंबर आजच बदलून घ्या.

शाळेत अॅडमिनिस्ट्रेटरची दोन खाती ठेवा, मुलांसाठी साधं खातं वेगळं. दोन्ही पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात. आणि चार्जच्या यादीत संगणकाच्या खालीच एक ओळ वाढवा: पासवर्डचे पाकीट, नग १.