परदेशी जाणाऱ्यांचा मिक्सर आणि विजेच्या दाबाचा हिशेब

एके काळी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मुलगा शिक्षणासाठी नागपूरला गेला, तरी घरात महिनाभर त्याची चर्चा चाले. आता आडतीवर बसल्या-बसल्या न्यू जर्सी, टोरांटो, दुबई, म्युनिक ही नावे पारडसिंगा-नरखेडाइतक्या सहजतेने कानी पडतात. मुलगा नोकरीस जातो, मागाहून सून जाते आणि वर्ष-दोन वर्षांनी बाळंतपणाच्या निमित्ताने आईवडिलांचीही तिकिटे निघतात. अशा वेळी घरोघर जो सामानाचा विचार सुरू होतो, त्यात लोणच्याची बरणी व मेतकूट यांच्यापाठोपाठ हमखास मिक्सर येतो. मग इस्त्री, किटली, रोटी मेकर आणि वडीलधाऱ्यांची शेकाची पिशवी. विमानात बहुधा 23 किलोंची एक पेटी धरतात, आणि तीन भांड्यांसह मिक्सर म्हटला की त्यातील पाच-सहा किलो त्यातच जातात. एवढे वजन वाहून नेलेली वस्तू तेथे चालेल काय, हा प्रश्न मात्र पेटी बांधताना क्वचितच कोणी विचारतो. त्याच प्रश्नाचा हिशेब येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, धान्याचे ठोक व्यापारी. परंतु गोदामातील चाळण्यांच्या मोटारी आणि त्यांचे वाइंडिंग करणारे मिस्त्री यांच्या सहवासात जन्म गेल्यामुळे, आणि घरची मुले बाहेर असल्यामुळे, या विषयाची थोडी ओळख झाली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. बाजारात ‘सर्व देशांत चालणारा’ म्हणून एक छोटा अडॅप्टर मिळतो. तो घेतला की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हा अडॅप्टर पिनांचा आकार तेवढा बदलतो, आतून वाहणाऱ्या विजेस तो स्पर्शही करीत नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर बारदाना बदलला म्हणून आतील माल बदलत नाही. पिनांचा आकार ही एक गोष्ट, विजेचा दाब म्हणजे व्होल्ट ही दुसरी, आणि एका सेकंदात वीज किती वेळा उलटसुलट होते ते आवर्तन, ज्यास हर्ट्झ म्हणतात, ही तिसरी. तिन्ही जुळल्या तरच यंत्र सुखाने चालते.

आपल्या देशात घरगुती वीज 230 व्होल्ट व 50 हर्ट्झची ठरलेली आहे. अमेरिका व कॅनडा येथे ती 120 व्होल्ट व 60 हर्ट्झची आहे. जपानात दाब अवघा 100 व्होल्ट. हा भेद कोणा शहाण्याने बसून ठरविलेला नाही, तो इतिहासाच्या ओघात पडलेला आहे. एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजघर उभारले, तेव्हा त्या काळच्या दिव्यांस मानवेल असा 110 व्होल्टच्या आसपासचा दाब ठेवला आणि अमेरिका त्याच वाटेने पुढे गेली. युरोपात मात्र दाब दुप्पट केल्यास तेवढ्याच तांब्याच्या तारेतून अधिक वीज नेता येते हे ध्यानी घेऊन तो वाढविण्यात आला. जपानची गंमत याहून न्यारी आहे. 1895 च्या सुमारास टोकियोने जर्मनीहून 50 हर्ट्झची यंत्रे आणविली, आणि ओसाकाने लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेहून 60 हर्ट्झची. तेव्हापासून आजतागायत त्या एका देशाच्या पूर्व भागात 50 आणि पश्चिम भागात 60 असे दोन कारभार चालू आहेत. दोन दुकानदारांनी दोन वेगळी मापे वापरावीत आणि गावाने शंभरांहून अधिक वर्षे ती सांभाळावीत, तसा हा प्रकार.

आता दाबाच्या फरकाने काय घडते ते पाहू. इस्त्री, किटली, पाणी तापविण्याचा रॉड, रोटी मेकर या सर्व उष्णता देणाऱ्या वस्तू. यांचा नियम असा की, दाब अर्धा झाला तर उष्णता अर्धी न होता चतुर्थांश होते. आपली 1000 वॉटची इस्त्री अमेरिकेत लावली तर ती सुमारे 272 वॉटच देईल. आपल्यापैकी पुष्कळांकडे उकळलेले पाणी पिण्याचा नियम पाळणारी वडील मंडळी असतात, आणि त्यांच्यासाठी किटली आवर्जून नेली जाते. दीड लिटर पाणी आपल्याकडे 1500 वॉटच्या किटलीत साडेपाच-सहा मिनिटांत उकळते, तेच पाणी तीच किटली तेथे वीस मिनिटांहून अधिक वेळ घेऊन उकळील. यात धोका नाही, केवळ खोळंबा आहे. तेथे 120 व्होल्टची किटली सहज मिळते, तेव्हा ही वस्तू नेण्यात शहाणपण नाही.

उलट दिशेचा प्रवास मात्र खरोखर धोक्याचा. मुले सुट्टीत येताना प्रेमाने तेथील इस्त्री, केस वाळविण्याचे यंत्र वा विजेचा कुकर घेऊन येतात. 120 व्होल्टची 1000 वॉटची वस्तू आपल्या 230 व्होल्टवर लावली की ती साडेतीन हजार वॉटहून अधिक ओढू पाहते. क्षणात धूर निघतो, आणि आत फ्यूज नसेल तर आगही लागू शकते. अशी वस्तू घरी आली तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘120 व्होल्ट’ अशी चिठ्ठी चिकटवून मगच ती कपाटात ठेवावी, कारण कामास येणारी बाई किंवा घरातील लहान मूल पिना पाहत नाही, मोकळे भोक पाहते.

मिक्सरचा विचार थोडा विस्ताराने करणे प्राप्त आहे, कारण तो आपल्या स्वयंपाकाचा आधार आहे. तेथील ब्लेंडर फळांच्या रसास व दुधाच्या पेयास ठीक, परंतु भिजलेली चणाडाळ, सुके खोबरे, धणे-जिरे त्यास सोसत नाही. हा अनुभव नवा नव्हे. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या वाटणाने निकामी झाला, आणि त्यातूनच त्यांनी 1963 साली ‘सुमीत’ हा खास भारतीय वाटणासाठी घडविलेला मिक्सर बाजारात आणला. पुढे परदेशी निघालेल्या कित्येक कुटुंबांच्या पेटीत तोच बसला. सबब सुनेने मिक्सर मागितला तर ती चैन आहे असे म्हणू नये. मात्र येथील 230 व्होल्टचा मिक्सर अमेरिकेत नुसत्या अडॅप्टरवर लावला तर तो गुरगुरतो, मंद फिरतो, डाळीत पाते अडकते आणि मोटार तापू लागते.

यावर दोन उपाय आहेत. एक, दाब वाढविणारा ट्रान्सफॉर्मर घेणे. 750 वॉटच्या मिक्सरला 750 चा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, कारण मोटार सुरू होताना व अडकताना कितीतरी अधिक वीज ओढते. तेथे किमान दुपटीचा, म्हणजे 1500 वॉटचा, पाहिजे. तो आत तांब्या-लोखंडाने भरलेला असतो, म्हणून चांगलाच जड, आणि ओट्यावर जागा अडवून गुणगुणत बसतो. प्रवासासाठी म्हणून विकले जाणारे हलके कन्व्हर्टर बहुधा केस वाळविण्यासारख्या साध्या उष्णतेच्या वस्तूंपुरतेच असतात, मिक्सरला ते लावू नयेत. दुसरा उपाय आम्हांस अधिक पटतो. आपल्याच कंपन्या परदेशासाठी 110 व्होल्टचे मिक्सर बनवितात, चेन्नईच्या ‘प्रीती’चे असे मिक्सर अमेरिकेतील भारतीय दुकानांत मिळतात. किंमत थोडी अधिक पडते, परंतु मिक्सर अधिक ट्रान्सफॉर्मर अधिक पेटीतील वजन अशी बेरीज केली तर सौदा तोट्याचा ठरत नाही.

येथे कोणी म्हणेल, आपल्याकडे दाब कमी झाला की आपण स्टॅबिलायझर लावतो, तोच नेला तर? रब्बीच्या दिवसांत शेतपंप सुरू झाले की दिवे मंद होतात हे आपल्या तालुक्यांत कोणास सांगावयास नको, आणि फ्रिजला स्टॅबिलायझर हा आपल्या अंगवळणी पडलेला उपाय. परंतु तो बनविलेला असतो 230 च्या खाली-वर होणाऱ्या दाबास सावरण्यासाठी. 120 व्होल्ट ही त्याच्या लेखी वीजच नव्हे. तो सरळ पुरवठा तोडून बसेल.

आवर्तनाचा भेद डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो. मिक्सरमध्ये कार्बन घासणारी मोटार असते, तिला 50 आणि 60 यांचे फारसे सोयरसुतक नसते. घरगुती पिठाच्या चक्कीची गोष्ट निराळी. तिच्यात बहुधा आमच्या चाळणीला असते तशी इंडक्शन मोटार असते, आणि तिची गती आवर्तनावरच अवलंबून असते. जी येथे मिनिटाला 1440 फेरे घेते, ती 60 हर्ट्झवर 1725 च्या आसपास घेऊ लागते. ट्रान्सफॉर्मरने दाब वाढतो, आवर्तन बदलत नाही. दगड अधिक वेगाने फिरला की पीठ तापते, आणि तापलेल्या पिठाची पोळी कशी होते हे गव्हात आयुष्य घालविलेल्या माणसाने वेगळे सांगावयास नको. शिवाय एक अश्वशक्तीची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज मागते, तिच्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मरही चांगलाच अवजड पडेल. चक्की येथून अमेरिकेस नेऊच नये. सौदी अरेबियाची स्थिती मधली आहे. तेथे दाब आता 230 चा ठरला असला तरी आवर्तन 60 चेच आहे, आणि जुन्या जोडण्यांत 127 व्होल्टही आढळतात. म्हणून भाड्याचे घर घेताना विचारून घ्यावे.

दुबई, सिंगापूर, केनिया, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथे जाणाऱ्यांचे मात्र बरेच सोपे आहे. दाब व आवर्तन दोन्ही आपल्यासारखेच, प्रश्न फक्त पिनांचा. आपली गोल पिनांची पद्धत मूळ इंग्रजांची. त्यांनी स्वतः 1947 पासून चौकोनी पिनांचा व आत फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला, आपण त्यांचीच जुनी पद्धत चालवीत राहिलो. दुबई, सिंगापूर व केनियात हाच चौकोनी प्लग आहे. त्याच्या भोकांवर आतून झडपा असतात, आणि त्या वरच्या लांब पिनेने उघडतात. काही चतुर मंडळी तेथे पेनाचे टोक खुपसून झडप उघडतात व दोन पिनांचा प्लग बसवितात. असे करू नये. त्यात फ्यूजही नाही व अर्थिंगही नाही.

प्लग कापून नवा बसविणार असाल तर तारांचे रंग नीट पाहावेत, आणि ते काम शक्यतो तेथील जाणकाराकडून करवून घ्यावे. आपल्या घरांच्या जुन्या पद्धतीत लाल तार जिवंत आणि काळी तार परतीची. अमेरिकेत काळी तार हीच जिवंत, पांढरी परतीची. येथील सवयीने काळ्या तारेस निर्धास्तपणे हात लावणारा मनुष्य तेथे जिवास मुकू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाची वस्तू. आपले आईवडील सहा महिन्यांसाठी जातात, आणि त्यांच्यापैकी एखाद्यास दम्याचा त्रास असतो. पिशवीत नेब्युलायझर असतो. येथील 230 व्होल्टचे यंत्र 120 वर लावले तर त्याचा पंप पुरेशी हवा दाबत नाही, औषधाचे तुषार नीट निघत नाहीत, आणि हे कळते ते बहुधा मध्यरात्री, धाप लागली असताना. डिसेंबरातील बर्फाळ रात्री परक्या देशात तेव्हा कोणते दुकान उघडे असणार? म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने यंत्राच्या तळाची पट्टी वाचावी. तीवर केवळ 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असे असेल तर डॉक्टरांना विचारून बॅटरीवर चालणारे घ्यावे, किंवा मुलाने तेथील यंत्र आधीच आणून व चालवून ठेवावे. झोपेत श्वासास साहाय्य करणाऱ्या नव्या यंत्रांपैकी बहुतेकांवर 100 ते 240 असे लिहिलेले असते, ती नुसत्या अडॅप्टरवर चालतात. मोबाईल व लॅपटॉपचे चार्जरही तसेच. विजेच्या शेकाच्या पिशवीऐवजी रबरी पिशवी न्यावी, तिला कोणत्याही देशाचे गरम पाणी चालते.

कुकरला वीज लागत नाही म्हणून तो निर्धास्त नेतात, पण मुलाच्या घरी इंडक्शनची शेगडी असल्यास ॲल्युमिनियमचा साधा कुकर तीवर तापणारच नाही. घरातील लोहचुंबक कुकरच्या बुडाशी लावून पाहावे. चिकटले तर पेटीत भरावा, न चिकटले तर तो येथेच असू द्यावा आणि त्याच्या जागी दोन किलो तूरडाळ न्यावी. ती नेण्यास त्या देशात परवानगी आहे की नाही, तेवढे मात्र मुलाकडून आधी विचारून घ्यावे.