परदेशची थंडी आणि आपली खरेदी



आपल्या सुरतेचा हिवाळा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. जानेवारीतील पहाटेसही येथील तपमान सहसा 14-15 अंशांच्या आसपास असते, आणि दुपार होताच अंगातील स्वेटर काढून काखेत धरावा लागतो. लिंबायतेतील आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून भुसावळ-सुरत लोहमार्गाने येऊन येथे स्थिरावले. त्यांनी मागावर दिवसरात्र कष्ट केले. आज त्यांच्या नातवंडांपैकी काही जण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी कॅनडा, इंग्लंड, जर्मनी असे दूरचे देश गाठू लागले आहेत. त्या देशांत थंडी पाहुणी नसते. ती घरची मालकीण असते. कॅनडातील विनिपेग शहरी जानेवारीचे सरासरी तपमान शून्याखाली सुमारे 16 अंश असते. तेथे जाणाऱ्याने कोणते कपडे घ्यावेत आणि ते थोडक्या पैशांत कसे मिळवावेत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या गल्लीतील एक होतकरू तरुण परदेशी निघाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी जवळजवळ दोन महिन्यांची मिळकत खर्चून त्याला एक भला जाड कोट घेऊन दिला. कोट दिसण्यात भारदस्त होता, पण आत कापूस भरलेला. निम्मी पेटी त्यानेच अडविली. तेथे पहिल्याच ओल्या बर्फात तो भिजला, जड झाला आणि दोन दिवस वाळेना. मुलाने घरी कळविले, “कोट फार छान आहे.” खरी हकीकत त्याने पुढे कित्येक महिन्यांनी सांगितली. बापाची माया कमी पडली नव्हती. कमी पडली ती माहिती.

प्रथम हे समजून घेऊ, की कपडा ऊब निर्माण करीत नाही. ऊब आपल्या शरीराची. कपडा ती राखतो, आणि हे काम खरे पाहता धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. हवा उष्णतेची मंदवाहक आहे. आपल्या आजीची गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून तिने टाके घातले. प्रत्येक दोन पदरांमध्ये हवा अडकली, म्हणून गोधडी उबदार झाली. थंड देशातील पोशाखाचे रहस्य हेच आहे : एक जाड कपडा घेण्याऐवजी तीन पातळ थर घ्यावेत.

पहिला थर अंगालगतचा. त्याचे काम घाम शोषून बाहेर घालविणे. येथे सुती कपडा कामाचा नाही, कारण तो घाम धरून ठेवतो, आणि पाणी हे हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. दुसरा थर ऊब राखण्याचा : लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस. तिसरा थर वारा व पाऊस अडविणारा कोट. वाऱ्याची गोष्ट लहान समजू नये. तपमान तेच असले, तरी वारा अंगाभोवतीची उबदार हवा उडवून लावतो आणि थंडी कितीतरी अधिक बोचते. कॅनडातील हवामानवार्तेत तपमानासोबत वाऱ्यासह जाणवणाऱ्या थंडीचाही आकडा देतात. तो शून्याखाली 28 च्या पलीकडे गेला, की उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आतही गोठू शकते.

आता धाग्यांची परीक्षा. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, म्हणून तिच्यात हवा पुष्कळ साठते. शिवाय ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषूनही ओली वाटत नाही. आपल्या धनगर बांधवांची घोंगडी पावसातही ऊब देते, ती या गुणामुळेच. पक्ष्यांची मऊ पिसे भरलेला कोट वजनाने हलका व अतिशय उबदार असतो; परंतु भिजला की पिसांचे गोळे होतात आणि त्याची ऊब जाते. तिसरा धागा म्हणजे आपल्या सुरतेचा ओळखीचा पॉलिएस्टर. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनज्ञांनी तो शोधला. त्याच पॉलिएस्टरचे केसाळ विणकाम करून 1979 च्या सुमारास अमेरिकेत फ्लीस हे कापड निघाले. ते स्वस्त आहे, पाणी फारसे शोषत नाही आणि लवकर वाळते. ज्या धाग्याच्या साड्या आपल्या वस्तीतील माणसे विणतात, त्याच जातीचा धागा परदेशातील गरिबाची थंडी निवारतो, ही आपणांस अभिमानाची गोष्ट नव्हे काय?

दुकानदार ‘शुद्ध लोकर’ म्हणून जे देतो ते तसे आहे काय, हे ओळखण्याची युक्ती कापडबाजारातील जाणत्यांना ठाऊक असते. कपड्याच्या आतील शिवणीचा एखादा सुटा धागा घेऊन, वडील माणसांच्या समक्ष, चिमट्यात धरून पेटवावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो व त्याचा कडक मणी बनतो.

मग खरेदी कोठे करावी? येथून न्यावयाच्या वस्तू थोड्या : अंगालगतच्या गरम कपड्यांचे दोन-तीन जोड, लोकरी मोजे, एखादा स्वेटर आणि कानटोपी. या गोष्टी आपल्याकडे स्वस्त मिळतात व पेटीत जागाही कमी घेतात. लुधियाना हे आपल्या देशातील लोकरी विणमालाचे मोठे केंद्र. 1959 नंतर भारतात आश्रयास आलेले तिबेटी बांधव तेथील माल घेऊन हिवाळ्यात अनेक शहरांत बाजार मांडतात. तेथे वाजवी दरात चांगले स्वेटर मिळतात. कोट आणि बूट मात्र तेथे पोहोचल्यावरच घ्यावेत, कारण त्या हवेस काय लागते हे तेथील दुकानदार अधिक जाणतात. हिवाळा संपत आला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तेथील दुकाने वसंताच्या मालासाठी जागा करण्याकरिता कोटांच्या किमती बऱ्याच उतरवितात. पुढील वर्षाची खरेदी तेव्हाच करणे शहाणपणाचे.

परंतु पहिल्याच हिवाळ्यात काय करावे? त्यासाठी त्या देशांत वापरलेल्या कपड्यांची दुकाने असतात. अमेरिकेतील गुडविल ही संस्था एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने 1902 साली बोस्टन येथे सुरू केली. लोकांनी दिलेले कपडे व सामान गरजूंकडून दुरुस्त करवून विकावे आणि त्यातून त्यांना काम मिळावे, अशी तिची रीत. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमसारख्या संस्थांची अशीच दुकाने आहेत. आपल्याकडे जुने कपडे म्हणजे बोहारणीला देऊन भांडे घेण्याची वस्तू. ते विकत घेऊन वापरणे आपणांस कमीपणाचे वाटते. तेथे प्राध्यापकही या दुकानांत निःसंकोच जातात. कष्टाचा पैसा जपण्यात लाज कसली?

मात्र पारखून घ्यावे. साखळी शेवटपर्यंत वरखाली करून पहावी. आतील अस्तर फाटले नाही ना, पिसे एका कोपऱ्यात जमली नाहीत ना, कुबट वास येत नाही ना, हे तपासावे. आत स्वेटर घालूनच कोट अंगात घालून पहावा. घरी आणताच, आतील चिठ्ठीवरील सूचनेप्रमाणे धुवावा. बूट शक्यतो नवे घ्यावेत, कारण जुना बूट दुसऱ्याच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो. ते जाड मोज्यांसह सैल बसले पाहिजेत. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिक गारठतात. हातांसाठी बोटाबोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात.

किमतीचा हिशेबही नीट मांडावा. समजा, एक कोट 2,000 रुपयांचा असून एकच हिवाळा टिकतो, आणि दुसरा 6,000 रुपयांचा असून पाच हिवाळे टिकतो. पहिल्याचा दर हिवाळ्यास 2,000 रुपये पडला, दुसऱ्याचा 1,200. स्वस्त कोणता, हे आता तुम्हीच सांगा.

शेवटी एका थोर स्त्रीचे स्मरण करू. आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षी, 1883 च्या एप्रिलात, कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या पडत. म्हणून त्यांनी पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. आपली चाल न सोडता त्यांनी तिला हवेनुसार वळण दिले. 11 मार्च 1886 रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पण प्रकृती खालावली होती, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. क्षय हा जंतूंचा रोग. तो थंडीने होत नाही. तथापि थंडी, आबाळ आणि मानवत नसलेला आहार यांनी थकलेल्या देहाची प्रतिकारशक्ती कमी होते, हेही तितकेच खरे.

मित्रहो, तुमच्यापैकी जे उद्या दूर जातील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : पोटास चिमटा घेऊन घरच्यांनी दिलेला पैसा जपावा, पण तो वाचविण्यासाठी अंगावर थंडी काढू नये. आणि कपडा कामाचा निघाला नाही, तर घरी तसे मोकळेपणाने कळवावे. आईबापांना मुलाची खोटी स्तुती नको असते; मूल उबेत आहे, एवढेच त्यांना ऐकावयाचे असते.