मराठीसाठी एक दाबा

‘मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा...’ ही टकळी आता घरातल्या चिमुरड्यांनाही पाठ झालीय. गॅसचा नंबर लावताना आपणही मुकाट्याने बटणं दाबतो. पण मैत्रिणींनो, पलीकडे नेमकं काय चालतं, याचा कधी विचार केलाय?

आमच्या महिला मंडळातल्या एकीची लेक कॉम्प्युटरची पदवी करतेय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने आमच्या बचत गटालाच धरलं. बैठकीची तारीख आणि कर्जाचा हप्ता यांची आठवण करून देणारी फोनसेवा! तिच्याकडूनच मी हे सगळं समजून घेतलं.

पूर्वी अशी सेवा म्हणजे स्वतःच्या टेलिफोन लाइनी आणि महागडी यंत्रं आलीच. २००८ साली सुरू झालेल्या ‘ट्विलिओ’सारख्या कंपन्यांनी ते ओझं स्वतःकडे घेतलं. आपल्याकडे बंगळुरूची ‘एक्झोटेल’ हेच काम करते. फोनची जोडणी त्यांनी सांभाळायची, वेब ॲप्लिकेशन आपण लिहायचं. फोन उचलला, की त्यांची यंत्रणा इंटरनेटवरून आपल्या ॲप्लिकेशनला विचारते, ‘आता काय करू?’ उत्तर येतं, ‘हा निरोप ऐकव’, ‘बटण दाबेपर्यंत थांब’ किंवा ‘अध्यक्षताईंना फोन जोडून दे.’ नवी सून स्वयंपाकघरात सासूला पावलोपावली विचारते ना, अगदी तसंच! प्रत्येक बटणाचा आवाज दोन सुरांचा मिळून बनतो. त्यावरून कोणता आकडा दाबला ते यंत्राला कळतं.

ऐकणारीला मात्र ना इंटरनेट लागत, ना स्मार्टफोन, ना लिहिता-वाचता येणं. साधा बटणांचा फोन पुरे. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेची ‘एममित्र’ सेवा अशीच. गरोदर बाई आपली भाषा आणि फोनची वेळ स्वतः निवडते आणि कितवा महिना आहे त्याप्रमाणे तिला माहिती मिळते. केंद्र सरकारच्या ‘किलकारी’चे असे आठवड्याला एक याप्रमाणे ७२ निरोप बाळ वर्षाचं होईपर्यंत येत राहतात.

आमच्या लेकीने सेवा तयार केली आणि बैठकीत ऐकवली. सगळ्या खूश! तेवढ्यात मागून एकजण हळूच म्हणाली, ‘माझा म्हणून दिलेला नंबर यांचा आहे गं. मी उचल घेतलीय हे घरात कुणालाच माहीत नाही.’ सगळ्या गप्प. मग एकेक बोलू लागली. कुणाचा फोन दिवसभर नवऱ्याबरोबर शेतावर, कुणाचा मुलाच्या हातात, कुणाच्या सासूबाई स्पीकरवरच ऐकणार!

त्या पोरीने वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. आता फोन प्रत्येकीने सांगितलेल्या वेळीच येतो. आधी फक्त ‘मंडळाचा निरोप आहे’ एवढंच ऐकू येतं. आपला चार आकडी गुप्त क्रमांक दाबला, तरच हप्त्याचं कळतं. नऊ दाबलं, की फोन कायमचे बंद. ज्यांना ही सेवा नकोच होती, त्यांची नावं तिने यादीतून काढून टाकली.

एक मात्र सगळ्यांना बजावून सांगितलंय. हा क्रमांक फक्त मंडळापुरता. बँकेचा पिन किंवा ओटीपी आलेल्या कुठल्याही फोनवर दाबायचा नाही, कुणाला सांगायचाही नाही.

तुमच्याही गल्लीत कुणी पोरगी कॉम्प्युटर शिकत असेलच. तिला एकदा गटाच्या बैठकीला बोलवा. प्रोग्राम ती लिहील. घरात फोन कोण उचलतं, ते तिला तुम्हीच सांगायला हवं.