समुद्र कुणाच्या मालकीचा?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्राच्या तळाशी प्रवाळ आहेत. ही जिवंत प्राण्यांची वसाहत असून ती अत्यंत सावकाश वाढते. तिच्या कपारीत मासळीची पिल्ले आसरा घेतात. शेवाळ खाणारे मासे संपले तर शेवाळ माजून प्रवाळ गुदमरतो. शासनाने १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. २००१ सालापासून अशा प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे पहिल्या अनुसूचीतील संरक्षणही आहे.

मग हे वैभव धोक्यात कुणामुळे आले? पर्ससीनवाले एका वेढ्यात अख्खा थवा उचलतात. एलईडी दिव्यांच्या झोतात लहानमोठी सगळीच मासळी गोळा होते आणि बारीक आसाच्या जाळ्यातून पिल्लेही सुटत नाहीत. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. तुटलेली जाळी प्रवाळावर अडकली, की तिथे मासे आणि कासवे तडफडून मरतात.

याउलट गाबीत मच्छीमारांची रापण वाळूच्या किनाऱ्यावर ओढली जाते. पुष्कळ हात राबतात आणि मासळीचे वाटे पडतात. तरीही अभयारण्याचे नाव निघाले की आपलीच होडी बंद होईल, ही धास्ती या गरिबालाच असते. भांडवलदाराच्या बोटीला कसली धास्ती?

कायदे नाहीत असे नाही. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनचे नवे परवाने थांबवून हंगामावर मर्यादा आणली. केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांवर नेला. पण कायदा कागदावर कितीही कडक असला तरी गस्तीशिवाय तो समुद्रात उतरत नाही.

ऑस्ट्रेलियाने २०२३ साली ग्रेट बॅरियर रीफ परिसरातील गिलनेट २०२७ च्या मध्यापर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. त्या जाळ्यांत समुद्रगाय आणि कासवे मरत होती. मात्र बंदीसोबत परवानाधारकांना भरपाईची तरतूदही केली. आपल्याकडे गिलनेट हे छोट्या मच्छीमाराचेच साधन आहे, त्यामुळे ती बंदी जशीच्या तशी येथे आणणे अन्यायाचे ठरेल. घेण्यासारखे आहे ते तत्त्व : निसर्ग वाचवायचा तर कष्टकऱ्याची भाकरी हिरावून नव्हे.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्यावरचा सर्वांचा हक्क बजावला. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाचा ३९ वा अनुच्छेद सांगतो, की समाजाची साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वापरली जावी, ती मूठभरांच्या हाती एकवटू नये. समुद्र हीदेखील अशीच संपत्ती आहे. म्हणून पर्ससीन आणि एलईडीवरील निर्बंधांची कठोर अंमलबजावणी, अभयारण्याच्या कारभारात मच्छीमारांना निर्णयाचा अधिकार आणि रोजगार बुडाल्यास भरपाई, या मागण्या किनाऱ्यावरच्या बांधवांबरोबर आपल्या चळवळीनेही उचलल्या पाहिजेत. प्रवाळाचा प्रश्न हा शेवटी भाकरीचा आणि संविधानाचाच प्रश्न आहे.